देवमासा दिसेल का? कोकणसहलीचा हिशेब

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, लाभपंचमीला दुकाने पुन्हा उघडली आणि कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला, की नाशिकच्या व्यापारी कुटुंबांत सहलीचा विषय निघतो. चार महिने अडवून धरलेला प्रवास मोकळा होतो, वर्षातल्या सर्वांत मोठ्या विक्रीचा ताण उतरलेला असतो, आणि लग्नसराईची गर्दी सुरू होण्यापूर्वी मध्ये थोडी उसंत मिळते. पूर्वी अशा वेळी पालिताणा, शंखेश्वर, फार तर महाबळेश्वर, एवढ्यावर निर्णय होत असे. आता घरातली मुले भ्रमणध्वनीवर समुद्रातून उसळी घेणारा हंपबॅक देवमासा पाहतात आणि सरळ विचारतात, ‘हा आपल्या कोकणात दिसतो का?’ घरातील वडीलधारे एखाद्या सहल संयोजकाला दूरध्वनी करतात. पलीकडून तत्काळ उत्तर येते, ‘हो, शंभर टक्के!’

ज्याने आयुष्यभर उधारी आणि वसुली सांभाळली, त्याने तरी या ‘शंभर टक्के’पाशी थांबून विचार करायला हवा. समुद्रातील जीव कोणाच्याही वतीने हमी देत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे. हंपबॅक देवमासा अरबी समुद्रात आहे, आणि तो जगातल्या इतर हंपबॅकांपेक्षा वेगळा आहे. अन्यत्र हा प्राणी उन्हाळ्यात ध्रुवाकडील थंड पाण्यात पोट भरतो आणि हिवाळ्यात विषुववृत्ताकडे येऊन पिलांना जन्म देतो. हजारो किलोमीटरची ही ये-जा दरवर्षीची. अरबी समुद्रातला हंपबॅक मात्र कोठेही जात नाही. त्याचे कारण आपल्या ओळखीचे आहे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा नाशिकची द्राक्षे आणि गंगापूरचे धरण सांभाळतो, तोच वारा ओमान व येमेनच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतो. त्याच्या जागी खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते आणि त्यावर सूक्ष्म जीव, त्यांवर लहान मासळी, अशी साखळी उभी राहते. ध्रुवाकडे न जाता येथेच पोट भरत असेल, तर स्थलांतराचा खर्च कोण करील? जनुकीय अभ्यासावरून असे अनुमान निघाले आहे, की ही शाखा सुमारे ७०,००० वर्षांपासून इतरांपासून तुटलेली आहे. नराचे गाणेही वेगळे. हंपबॅकचा नर समुद्रात दीर्घकाळ गातो आणि एका प्रदेशातील नर साधारण एकच गाणे गातात. ओमानचे गाणे शेजारच्या नैर्ऋत्य हिंदी महासागरातील गाण्याशी जुळत नाही.

मात्र हे भांडवल फार थोडे उरले आहे. ओमानच्या किनाऱ्यावर छायाचित्रांवरून शेपटीच्या खुणा जुळवून जी मोजदाद झाली, तीत शंभराहूनही कमी प्राणी असल्याचे अनुमान निघाले. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या शाखेला संकटग्रस्त ठरविले. संख्या इतकी घटण्याचे एक कारण कागदोपत्री सापडते. १९६० च्या दशकात, मुख्यतः नोव्हेंबर १९६६ मध्ये, सोव्हिएत संघाच्या जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात २४२ हंपबॅक मारले. त्याची नोंद त्या वेळी आंतरराष्ट्रीय संस्थेकडे खरी दिली गेली नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर तेथील शास्त्रज्ञांनीच मूळ आकडे बाहेर आणले. दोन वह्या ठेवण्याचा प्रकार केवळ बाजारपेठेत होतो असे नाही.

भारताच्या बाजूने मग काय दिसते? २०१७ च्या अखेरीस ओमानच्या संशोधकांनी ‘लुबान’ नावाच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविले होते. तिने अरबी समुद्र ओलांडला, डिसेंबरमध्ये ती गोव्याच्या बाजूस आली, तेथून दक्षिणेकडे भारताच्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. ओमानचे आणि भारताचे देवमासे एकाच कुटुंबातील असावेत, या जुन्या तर्काला तिने पुरावा दिला. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांतही हंपबॅकचे गाणे नोंदले गेले आहे. म्हणजे तो येतो, जातो, गातोही. परंतु किनाऱ्यावरून तासाभराच्या होडीने निघून तो पाहावा, ही शक्यता अत्यल्प आहे. मालवण असो वा दापोली, तिकीट काढून हंपबॅक देवमासा दाखविणारी भरवशाची फेरी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नाही, हे घरातील मुलांना आधीच सांगितलेले बरे.

मोठे देवमासे कोकणाबाहेरच राहतात असा याचा अर्थ नव्हे. २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोरच्या समुद्रात अभ्यासकांच्या पथकाला निळे देवमासे दिसले, आणि कित्येक दशकांनंतरची ही नोंद म्हणून तिची चर्चा झाली. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटांचा एक निळा देवमासा वाहून आला आणि तेथेच गेला. ब्राइड जातीचे देवमासेही या पाण्यात आहेत. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत जुहूच्या वाळूवर जो प्रचंड देह पाहण्यासाठी गर्दी लोटली, तो याच जातीचा होता. या सगळ्या नोंदी वाचल्या म्हणजे ध्यानात येते, की आपल्या लोकांची देवमाशाशी गाठ बहुधा तो मेल्यावर पडते.

मग सहलीला जावे कशासाठी? कोकणात एक दुसरा ‘कुबडवाला’ नित्य भेटतो. हंपबॅक डॉल्फिन हे त्याचे नाव. देवमाशाशी नावसाधर्म्य असले, तरी हा आठ-नऊ फुटांचा करडा प्राणी आहे. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. खोल समुद्रात तो रमत नाही. उथळ पाणी, नदीमुखे, खाडीचे तोंड ही त्याची पेठ, कारण तेथे मासळी जमते. म्हणूनच दापोलीजवळ मुरूड, कर्दे व हर्णै, गुहागर, आणि सिंधुदुर्गात तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती या ठिकाणी तो किनाऱ्यापासून फार दूर न जाता दिसतो. कोळी बांधव त्याला ‘गादा’ म्हणतात. २०१७ पासून हाही संकटग्रस्तांच्या यादीत आहे. बंदरे, प्रदूषण, जाळी, सगळे काही नेमके त्याच चिंचोळ्या पट्ट्यात एकवटलेले. खोल समुद्रात पळून जाण्याची त्याला सवय नाही. आणखी एक गोष्ट शाळकरी मुलांना आवर्जून सांगावी: देवमासा काय आणि डॉल्फिन काय, यांपैकी कोणीही मासा नाही. ते फुप्फुसांनी श्वास घेतात, पिलाला दूध पाजतात. पाठशाळेत जलचर पंचेंद्रियांचा पाठ घोकलेल्या मुलाला याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

आता नियोजनाकडे. समुद्राचा हंगाम आणि आपला हंगाम येथे सुदैवाने जुळतात. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत जलपर्यटन सामान्यतः बंद असते, आणि त्यानंतरही काही काळ समुद्र खवळलेला राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळावा. त्या दिवसांत देवबागच्या संगमावर होड्यांची जी दाटी होते, ती पाहून मेन रोडवरची धनत्रयोदशी आठवेल. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीतील मधले दिवस घ्यावेत. आठवड्याचा मधला वार मिळाला तर उत्तम; दुकानाची साप्ताहिक सुटी धरून दोन दिवस जोडणे अनेकांना जमते.

कोठे जावे, हे माणसे आणि दिवस पाहून ठरवावे. तीन दिवस असतील तर दापोली-हर्णै. नाशिकहून पनवेल, माणगावमार्गे सकाळी लवकर निघाल्यास दिवस मावळण्याच्या आत पोहोचता येते. सुवर्णदुर्गाची फेरी आणि डॉल्फिनची फेरी एकाच सकाळी बसते. पाच-सहा दिवस असतील तर मालवणकडे जावे. रस्त्याने जाणाऱ्यांनी पुणे-सातारा-कोल्हापूर हा मार्ग धरून पहिला मुक्काम कुंभोजच्या बाहुबली येथे करावा. दर्शन होते, भोजनाची चिंता नसते आणि वृद्धांचे गुडघेही वाचतात. दुसऱ्या दिवशी घाट उतरून दुपारी मालवण. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि पुढे कोकण रेल्वेच्या मार्गाने जाते. आपल्या मुक्कामाजवळचा थांबा कोणता, हे आरक्षण करतानाच पाहून घ्यावे.

मालवणात गेल्यावर सिंधुदुर्ग किल्ला पाहिल्याशिवाय परतू नये. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू केले, त्या किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे. अवघे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र. पण महाराष्ट्राच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर असा सागरी तुकडा राखून ठेवणारे हे पहिले नाव. बरोबरची मुले किल्ल्याच्या तटावर धावत असताना मोठ्यांनी पाण्याकडेही पाहावे.

भोजनाचा प्रश्न कोकणात खरोखरच अवघड आहे. तो आहे तेवढाच धरावा, फुगवू नये. किनाऱ्यावरील बहुतेक घरगुती निवासांचे स्वयंपाकघर मासळीचे असते आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. तो त्यांचा परंपरागत व्यवसाय व आहार आहे. आरक्षण करताना ‘शाकाहारी मिळेल ना?’ एवढेच विचारून भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा व अन्य कंदमुळे नकोत, भांडी वेगळी हवीत, संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी, म्हणजे हिवाळ्यात सव्वापाच-साडेपाचला हवे, हे एकेक करून सांगावे आणि लेखी मागून घ्यावे. संपूर्ण शाकाहारी घरे मालवण, कुडाळ व दापोली परिसरात मिळतात. दहा-बारा माणसांचे कुटुंब असेल तर संपूर्ण घर भाड्याने घेऊन बरोबर आचारी नेणे अनेकदा स्वस्त पडते. स्थानिक पदार्थांत ताज्या तांदळाच्या पिठाचे घावणे, नारळाच्या दुधात केलेल्या भाज्या, कोकमाचे सार यांवर छान निभाव लागतो. सोलकढीत बहुधा लसूण असते, विचारूनच घ्यावी. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवलेले असते, म्हणून ज्यांना ते चालत नाही त्यांनी घावणे मागावेत. खाकरे, मेथीचे ठेपले आणि सुकी भाजी बरोबर राहतेच. नाशिकच्या गृहिणीला हे शिकवण्याची गरज नाही.

होडीची वेळ सकाळची धरावी. सकाळी वारा पडलेला असतो, पाणी आरशासारखे असते आणि डॉल्फिनचा पर दुरूनही ओळखता येतो. दुपारनंतर वारा उठतो, लाटांचे फेस सगळीकडे सारखेच दिसतात आणि ज्यांना मळमळते त्यांची अवस्था बिकट होते. जानेवारीत तेथे सूर्योदय सातच्या सुमारास. नवकारशी पाळणाऱ्यांनी आठच्या सुमारास पारणे करून निघाले तरी वेळ साधते. उकाळलेले पाणी थर्मासमधून बरोबर घ्यावे, प्लास्टिकची बाटली होडीत नेऊ नये. वाऱ्याने उडालेली रिकामी पिशवी कोठे जाते, ते कोणी पाहत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत संकोच बाळगू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. होडीवर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा परवाना आणि आसनसंख्या लिहिलेली आहे का ते पाहावे. प्रत्येकाला, विशेषतः मुलांना त्यांच्या मापाचे, जीवरक्षक जाकीट मिळाले नाही तर उतरावे. सोन्याचा कस पाहिल्याशिवाय व्यवहार न करणारा सराफ होडीत मात्र ‘चालेल हो’ म्हणून बसतो, ही सवय सोडण्यासारखी आहे. ‘एवढी दोन माणसे जास्त बसवून घ्या’ असा आग्रह तर पाहुण्यांकडून होताच कामा नये.

या सहलीतील सर्वांत नाजूक भाग याच्यापुढचा आहे. होडीवाल्याचे उत्पन्न डॉल्फिन दिसण्यावर अवलंबून असते. प्रवासी तिकीट काढतानाच ‘दिसले नाही तर पैसे परत का?’ असे विचारतो. मग काय होते? एखादा पर पाण्यावर दिसताच चारी बाजूंनी होड्या धावतात, यंत्रांचा आवाज वाढतो, कळप फुटतो, पिलू आणि आई वेगळी पडतात. डॉल्फिन ध्वनीच्या आधारे जगतो. मासळी शोधणे, परस्परांना हाक देणे हे सारे पाण्यातल्या आवाजावर चालते. त्याच्या भोवती पाच-सहा इंजिने गुरगुरत असली की तो आंधळा झाल्यासारखा होतो. पाहुण्याने मागितलेल्या हमीची किंमत अशा रीतीने प्राणी चुकवतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत होड्यांनी डॉल्फिनपासून किमान ५० मीटर आणि देवमाशापासून १०० मीटर अंतर राखावे, आणि जवळच्या टप्प्यात एका वेळी तीनपेक्षा अधिक होड्या नसाव्यात, असे सांगितले आहे. आपल्याकडे हे अंतर पाहुण्यानेच ठरवून द्यावे. निघण्यापूर्वीच तांडेलाला सांगावे: पाठलाग करू नका, समोरून आडवे जाऊ नका, दिसला की इंजिन मंद करा, दिसला नाही तरी ठरलेले पूर्ण पैसे मिळतील. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे. ते ऐकले की तांडेलाचा चेहरा बदलतो, आणि बऱ्याचदा इंजिन बंद केलेल्या होडीजवळ तेच प्राणी आपण होऊन येतात.

मच्छीमाराविषयी आपल्या समाजात एक दुरावा असतो. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे, परंतु या बाबतीत तिला एक पुरवणी जोडायला हवी. कासव, डॉल्फिन किंवा देवमासा जाळ्यात अडकला तर त्याला सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते, आणि जाळे हे त्या माणसाचे भांडवल असते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये योजना आणली: संरक्षित सागरी प्राण्याला जिवंत सोडून त्याचे छायाचित्र वा चित्रफीत सादर केल्यास जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. अनेक मच्छीमारांनी आपले जाळे कापून प्राणी सोडले आहेत. जीवदयेसाठी दरवर्षी पांजरपोळाला देणगी देणाऱ्या कुटुंबांनी ही गोष्ट तांडेलाकडून त्याच्याच शब्दांत ऐकावी, आणि मुलांनाही ऐकवावी.

एक इशारा व्यापारी म्हणून. किनारपट्टीवर, आणि अलीकडे शहरांतही, ‘व्हेलची उलटी’ म्हणून अंबरग्रीस विकत घेण्याचा किंवा त्यात रक्कम गुंतविण्याचा प्रस्ताव एखादा परिचित घेऊन येतो. हा पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो; अत्तरांत त्याचा उपयोग होत असे. भारतात त्याचा व्यापार व बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि कैद सात वर्षांपर्यंत होऊ शकते. कोट्यवधींच्या किमतीचे आकडे सांगितले जातात; तुकडा नकली निघाला तर पैसे बुडतात आणि अस्सल निघाला तर माणूस तुरुंगात जातो. असा तोटा दोन्ही बाजूंनी निश्चित असलेला सौदा बाजारात विरळाच.

ज्यांना उसळी घेणारा हंपबॅकच पाहायचा आहे, त्यांनी पैसे साठवून योग्य ठिकाणी जावे. ज्यांची मुले सिडनी किंवा ब्रिस्बेनकडे नोकरीस आहेत त्यांना जून ते नोव्हेंबर या काळात पूर्व किनाऱ्यावर तो सहज दिसतो. मात्र यातला बराचसा काळ चातुर्मासात येतो. बोस्टनकडे मुले असतील तर तेथून स्टेलवागन बँकेकडे उन्हाळ्यात बोटी जातात. मे-जूनमध्ये गेल्यास व्रतांनाही बाधा येत नाही. निळ्या देवमाशासाठी श्रीलंकेतील मिरिसा जवळचे आणि डिसेंबर ते एप्रिल सोयीचे आहे, पण तेथेही होड्यांच्या गर्दीची तक्रार आहे. मुलांच्या हट्टासाठी मोठा खर्च करण्यापूर्वी एकदा कोकणची लहान सहल करून पाहावी. समुद्रात तासन्‌तास थांबण्याचा धीर घरात कोणाकोणाकडे आहे, हे तिथे कळते.

किनाऱ्यावर फिरताना एखादा मोठा प्राणी वाळूवर अडकलेला दिसला तर काय करावे, एवढे प्रत्येकाने माहीत करून ठेवावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन दिवाळीत गणपतीपुळ्याच्या वाळूवर देवमाशाचे एक पिलू अडकले. ग्रामस्थ, वनखाते, बचाव पथके दोन दिवस झटली, ओल्या चादरी टाकल्या, त्याला समुद्रात नेऊन सोडले. पण ते जगले नाही. अशा वेळी शेपटीला दोर बांधून ओढू नये, गर्दी आणि छायाचित्रे आवरावीत, अंगावर ओला कपडा टाकून पाणी शिंपडत राहावे, आणि डोक्यावरील श्वासाचे छिद्र झाकले जाणार नाही व त्यात पाणी जाणार नाही याची काळजी घ्यावी. वनखात्याचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक निघण्यापूर्वीच घरातील प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवावा.